पावणेसातची गोळी: किडनी प्रत्यारोपणानंतर औषधं न चुकवण्याची घडी कशी बसवावी

२०१७ च्या सप्टेंबरात माझं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम ढिलं पडलं समजायचं) १.२ वरून १.९ वर गेलं. दुखत काही नव्हतं. ताप नाही, सूज नाही, लघवी नेहमीसारखी. त्या आठवड्यात गणपतीची आरास मी एकट्याने उतरवली होती. बायोप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर बसवलेल्या किडनीवर उलटलं होतं. तीन दिवस दवाखान्यात राहून स्टेरॉइडची सलाइनं घ्यावी लागली. क्रिएटिनिन १.५ पर्यंत उतरलं आणि तिथेच थांबलं. १.२ परत कधी दिसलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेताय ना?" मी "हो" म्हणालो. खरं तर त्या पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन वेळा संध्याकाळची गोळी राहत होती. किडनी माझ्या मोठ्या बहिणीची, २०१३ मध्ये बसवलेली. त्यामुळे हे कबूल करायची लाज डॉक्टरांपेक्षा ताईसमोर जास्त होती.

तेव्हापासून एकही गोळी चुकली नाही असं म्हणणार नाही. पण चुकण्याचं प्रमाण वर्षाला एक-दोनवर आलं आहे. माझी शिस्त काही अचानक सुधारली नाही. गोळ्यांची घडी चांगल्या दिवसासाठी बसवायची नसते, सगळ्यात वाईट दिवसासाठी बसवायची असते, एवढं कळलं. लोकल बंद, घरात लग्न, पोट बिघडलेलं, खिशात पैसे कमी, मेडिकल बंद. अशा दिवशी जी व्यवस्था टिकते तीच खरी. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. डोस आणि बदल तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांच्या, सांगण्याप्रमाणेच करायचे. यकृत किंवा हृदय बसवलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हे समजून घ्या: शरीर सवयीचं होत नाही

"इतकी वर्षं झाली, आता शरीराने स्वीकारली असेल की!" हे वाक्य मला नातेवाईक, शेजारी, एकदा तर आमच्या सोसायटीतल्या एका एमबीबीएस मुलानेही ऐकवलं. शरीर परक्या अवयवाला विसरत नाही. त्याला रोज दोनदा गप्प बसवावं लागतं.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला झालं, तेव्हा असं औषध उपलब्धच नव्हतं. तरी ते टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं असं नाही. आपली किडनी चालते ती टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तिघांच्या जोरावर. काहींना टॅक्रोऐवजी सायक्लोस्पोरिन असतं, काहींना मायकोफेनोलेटऐवजी अॅझाथायोप्रिन. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आलं आणि सायक्लोस्पोरिन एका बुरशीपासून. मातीतल्या इवल्याशा जीवांनी आपल्याला उभं ठेवलंय, हा विचार मला अजून गंमतीचा वाटतो.

यातली टॅक्रो सर्वांत नखरेल. रक्तात कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर तीच किडनीला इजा करते. मधली वाट अरुंद आहे. म्हणून "दिवसातून दोनदा" एवढ्याने भागत नाही, दर बारा तासांनी घ्यावी लागते. (दिवसातून एकदाच घ्यायची लांब पल्ल्याची टॅक्रोही असते. तुमची कोणती, हे माहीत हवंच. दोन्हींची नावं सारखी दिसतात आणि एकीच्या जागी दुसरी घेतली तर सगळं बिनसतं.)

गोळी चुकली म्हणून त्या रात्री काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही होत नाही, आणि सगळा घात तिथेच आहे. मधुमेहात चूक झाली तर साखर लगेच बोलते. इथे शिक्षा महिन्यांनी येते, तीही रिपोर्टातल्या एका आकड्यातून. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात प्रत्यारोपित किडनी गमावलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के जणांच्या बाबतीत त्याआधी गोळ्या चुकवल्याचं दिसलं होतं.

पायरी पहिली: एका कागदावर सगळं

डिस्चार्ज कार्डावर सगळं लिहिलेलं असतं, पण ते फाइलीत, फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली बायकोकडे. एक साधा कागद करा. गोळीचं औषधी नाव, ब्रँड, किती मिलिग्रॅमची, सकाळी किती, संध्याकाळी किती, कशासाठी आणि कधीपर्यंत. "कधीपर्यंत" हा रकाना विसरू नका. सेप्ट्रान आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर या जंतुसंसर्ग टाळायच्या गोळ्या असतात आणि बहुधा काही महिन्यांनी बंद होतात. प्रत्यारोपण झालेल्यांच्या आमच्या गटातल्या एकाने "बंद करा"चा अर्थ चुकीच्या गोळीला लावला होता.

डोस बदलला की जुन्यावर खाडाखोड करू नका. तारीख घालून नवा कागद लिहा आणि जुना फाडून टाका. टॅक्रोच्या अर्ध्या आणि एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घरात एकत्र असतील तर दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. माझा डोस दीडवरून एकवर आला तेव्हा मी चार दिवस अर्धा-अर्धा म्हणून एक-एक घेत होतो.

कागदाची एक प्रत फ्रीजवर, एक पाकिटात, एक फोटो बायकोच्या आणि मुलीच्या मोबाइलवर. तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा कागद दाखवणारा दुसराच कुणी असणार.

पायरी दुसरी: वेळ ठरवा, पण स्वतःची

इथे जरा रेंगाळतो, कारण माझी चूक इथेच झाली.

दवाखान्यातून बाहेर पडताना मला सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ मिळाली. वॉर्डात ती छान चालली, कारण गोळी सिस्टर आणून देत होत्या. कामावर रुजू झालो तेव्हा लक्षात आलं की सकाळी आठला मी डोंबिवलीच्या फलाटावर असतो आणि रात्री आठला गाडीत दोन पिशव्यांमध्ये चेपलेला. पाण्याची बाटली काढायला हात हलवायची सोय नाही. सकाळची गोळी मी पंधरा मिनिटं आधी घरीच घेऊ लागलो. संध्याकाळची "घरी गेल्यावर घेतो" झाली. घरी गेल्यावर जेवण, जेवणानंतर "आता पोट भरलंय, दोन तासांनी घेऊ" आणि दोन तासांनी झोप.

२०१७ नंतर दवाखान्यातल्या प्रत्यारोपणाच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी मला बसवून दिवसाचा तक्ता काढायला लावला. आठवड्यातल्या सर्वांत धावपळीच्या दिवसाचा, रविवारचा नाही. त्यात बारा तासांच्या अंतराने असे दोन क्षण शोधायचे होते, जेव्हा मी नक्की एका जागी असतो आणि जवळ पाणी असतं. पावणेसात निघाले. सकाळी पावणेसातला मी घरी चहाआधी असतो, संध्याकाळी पावणेसातला ऑफिसात टेबल आवरत असतो. गोळी घेतल्याशिवाय ड्रॉवरला कुलूप लावायचं नाही, असा नियम केला. डॉक्टरांना विचारून आठवरून पावणेसातवर आलो.

तुमची वेळ वेगळी निघेल. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची, पहाटे दूध काढणाऱ्याची, रात्री अकराला दुकान बंद करणाऱ्याची. शिफ्ट बदलली तरी जमेल अशी वेळ शोधा. तास-दीड तासाचा फरक पडला म्हणून घाबरायचं नाही, पण रोज पडू द्यायचा नाही.

जेवणाचंही याच्याशी नातं आहे. टॅक्रो रिकाम्या पोटी जास्त आणि सारखी शोषली जाते, म्हणजे खाण्याआधी तासभर किंवा खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी. ते जमत नसेल तर निदान रोज एकाच पद्धतीने घ्या. एक दिवस उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी साबुदाणा खिचडीवर, असं केलं की लेव्हल, म्हणजे रक्तातली टॅक्रोची पातळी, वर-खाली नाचते. पावणेसातच्या पायी माझा पाचचा वडापाव सुटला. तक्रार नाही, पण नोंद करून ठेवतो.

पायरी तिसरी: डबा, गजर आणि दुसरा माणूस

आठवड्याचा चौदा कप्प्यांचा डबा मेडिकलमध्ये मिळतो. तो रविवारी भरा, एकच वेळ ठरवून. गोळ्या पट्टीतून सुट्या काढू नका. कात्रीने पट्टी कापून तुकडाच कप्प्यात टाका, कारण पावसाळ्यातली हवा कॅप्सूलला मानवत नाही. मायकोफेनोलेटच्या गोळ्या फोडू नका, कुटू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

डब्याचं खरं काम गोळी आठवून देण्याचं नाही. "घेतली की नाही?" या प्रश्नाचं उत्तर देण्याचं आहे. रोजची गोष्ट मेंदू नोंदवून ठेवत नाही. कालची आठवण आजची वाटते. कप्पा रिकामा असेल तर घेतली. वाद संपला. डबा नसताना मी एकदा शंकेपोटी दोनदा घेतली होती.

मोबाइलचा गजर दोनदा लावा, वीस मिनिटांच्या अंतराने. गजराचा एकच कायदा: गोळी गिळल्याशिवाय तो बंद करायचा नाही. "बंद करतो, हातातलं संपवून घेतो" हे शब्द मनात आले की समजा, गोळी गेली.

तिसरी गोष्ट, दुसरा माणूस. माझ्याकडे बायको. पण तिचं काम आठवण करणं नाही. ते केलं की दोन महिन्यांत घरात भांडणं सुरू होतात आणि गोळी हा दोघांमधला विषय बनतो. ती फक्त झोपण्यापूर्वी डब्याकडे एक नजर टाकते. कप्पा भरलेला दिसला तरच बोलते. एकटे राहणाऱ्यांनी भावाला किंवा मित्राला रिकाम्या कप्प्याचा फोटो पाठवावा. आमच्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात एकटा राहतो आणि साताऱ्याच्या आईला रोज असा फोटो पाठवतो. आई उत्तरात फक्त एक अंगठा पाठवते.

चुकली, उलटी झाली, जुलाब लागले

या तिन्हींची उत्तरं तुमच्या दवाखान्याकडून आधीच लिहून घ्या. रात्री अकराला ओकारी येत असताना विचार सुचत नाही. प्रत्येक केंद्राचा नियम थोडा वेगळा असतो. माझ्या कागदावर असं आहे: वेळ चुकल्याचं चार तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची. त्यापेक्षा उशीर झाला तर फोन करून विचारायचं. पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, कधीच नाहीत. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची, तासाभरानंतर झाली तर नाही. मधल्या वेळेसाठी फोन. दोन वेळा लागोपाठ पोटात टिकली नाही तर थेट दवाखान्यात.

जुलाबाचं उलटं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याला वाटतं, जुलाबात औषध वाहून जात असेल. टॅक्रोच्या बाबतीत पातळी बरेचदा वाढते. एरवी आतड्याची भिंत टॅक्रोचा बराच भाग मोडते आणि परत बाहेर ढकलते. जुलाबात भिंत सुजली की हे काम ढिलं पडतं आणि जास्त औषध रक्तात शिरतं. वर अंगातलं पाणी कमी झालेलं. म्हणजे किडनीवर दोन्हीकडून मार. दिवसभर जुलाब टिकले तर फोन करायचा आणि लेव्हल कधी द्यायची ते विचारायचं. टॅक्रो मनाने वाढवायची नाही, कमीही करायची नाही.

१००.४ च्या वर ताप, लघवी कमी होणं, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, किडनी बसवलेल्या जागी दुखणं: या वेळी "उद्या बघू" नको.

लेव्हलचा दिवस

टॅक्रोची लेव्हल म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी रक्तात उरलेलं औषध. म्हणून रक्त आदल्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिलं की तिथेच घ्या. सवयीने घरी घेऊन गेलात तर रिपोर्ट खोटा मोठा येतो आणि डॉक्टर डोस कमी करतात. असं झालंच तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी परत द्या. माझ्याकडे घरी रक्त न्यायला येणारा मुलगा साडेसहाला येतो. तुमची लॅब आठला उघडत असेल तर आदल्या दिवशीची गोळी किती वाजता घेतली होती, ते चिठ्ठीवर लिहून द्या.

माझं बेत बिघडवणारं एक पाप इथेच सांगतो. त्या पावसाळ्यात लेव्हलच्या आधीचे चार दिवस मी अगदी कडक पाळायचो. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसं. लेव्हल फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते, त्यामुळे आकडा चांगला यायचा आणि सगळे खूश.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त धोक्याचं आहे. तुम्ही गोळ्या चुकवता, लेव्हल कमी येते आणि तुम्ही म्हणता "नियमित घेतो". डॉक्टर डोस वाढवतात. मग तुम्ही घाबरून खरंच नियमित घेऊ लागता आणि लेव्हल कुठच्या कुठे चढते. हात थरथरतात, किडनीला इजा होते. म्हणून ओपीडीत "हो" म्हणायच्या ऐवजी आकडा सांगा: "गेल्या महिन्यात तीनदा चुकली, तिन्ही वेळा संध्याकाळची." एवढ्या वाक्यावर डॉक्टरला खरं काम करता येतं. ते रागावतील, पण पाच मिनिटंच.

दुसऱ्याने दिलेली गोळी, फळ आणि काढा

सर्दी, पाठदुखी, नायटा. आपण गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्यांची चूक नसते, पण तुमचा कागद त्यांनी पाहिलेला नसतो.

टॅक्रोची पातळी चढवणाऱ्यांत फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीची औषधं (नायट्याला, गजकर्णाला सर्रास देतात ती), क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, आणि ब्लडप्रेशरचं डिल्टियाझेम येतं. उतरवणाऱ्यांत फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि सर्वांत जबर रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीच्या उपचारातलं मुख्य औषध. आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना तो लवकर गाठतो. टीबीचं निदान झालं तर पहिली गोळी घेण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टला फोन झालाच पाहिजे. रिफाम्पिसिनवर नेहमीचा टॅक्रो डोस अक्षरशः पाण्यात जातो.

दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लॅम नको, ते थेट किडनीला मारतात. पॅरासिटामॉल चालतं. अॅसिडिटीवरचं गुलाबी-पांढरं पातळ औषध आणि मायकोफेनोलेट यांत दोन तासांचं अंतर ठेवा. रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

फळांत खरा शत्रू पपनस. परदेशी पुस्तकांत ग्रेपफ्रूट लिहिलेलं असतं, म्हणून आपण बेफिकीर राहतो. पण आपलं पपनस त्याच्याच घराण्यातलं. कोकणात, गोव्यात ते गणपतीच्या माटोळीला टांगलेलं असतं आणि विसर्जनानंतर सोलून सगळ्यांना वाटतात. त्यातली द्रव्यं आतड्यातलं टॅक्रो मोडणारं यंत्रच बंद पाडतात आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवस राहतो. म्हणजे "सकाळी गोळी, दुपारी पपनस" ही पळवाट चालत नाही. नागपूरचं संत्रं, मोसंबी यांना सहसा मनाई नसते. कमरख तर किडनीच्या माणसाने बघूसुद्धा नये, त्याचा त्रास वेगळाच आणि गंभीर आहे. टॅक्रोने पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो तेव्हा रिपोर्ट पाहून, विचारून प्या.

आता काढा. गुळवेल, अश्वगंधा, "इम्युनिटी वाढवणारं" काहीही. कोविडच्या काळात आमच्या घरी तीन बाटल्या आल्या, तिन्ही प्रेमाने. मी एकच उत्तर पाठ करून ठेवलंय: "मावशी, डॉक्टर रोज दोनदा माझी इम्युनिटी कमी करतायत आणि तुम्ही वाढवताय, मध्ये ताईची किडनी मरेल." याने माणूस दुखावत नाही, कारण त्याला कारण कळतं. स्वयंपाकातली चिमूटभर हळद ठीक आहे. हळदीच्या कॅप्सूल नकोत.

साठा, ब्रँड आणि पैसे

कमीत कमी पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात शिल्लक असताना पुढची ऑर्डर. लहान गावात या गोळ्या मागवाव्या लागतात आणि दिवाळीत वितरक चार दिवस बंद असतो. नव्या पट्ट्या मागे, जुन्या पुढे. एक्स्पायरी बघा. विदर्भातल्या उन्हाळ्यात गोळ्या गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. गार, कोरडी जागा पुरते.

मेडिकलवाला म्हणतो, "कंपनी वेगळी, आत तेच आहे." क्रोसिनच्या बाबतीत खरं. टॅक्रोत तेवढा फरकही लेव्हल हलवू शकतो. स्वस्त ब्रँड वाईट असतो असं नाही, पण बदल डॉक्टरला सांगून करायचा, नंतर लेव्हल तपासायची आणि मग त्यालाच चिकटून राहायचं. दर महिन्याला जो मिळेल तो ब्रँड, हे नको.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही. महात्मा जोतिराव फुले योजनेतून किंवा ट्रस्टांच्या मदतीतून शस्त्रक्रिया पार पडते. गोळ्या मात्र आयुष्यभर, दरमहा काही हजारांच्या. मी पाहिलेले बरेच लोक गोळी विसरत नाहीत, ते ती "पुरवतात". दोनची एक करतात, संध्याकाळची गाळतात, पगारापर्यंत ओढतात. असं करण्याआधी कोऑर्डिनेटरला आणि दवाखान्यातल्या समाजसेवकांना सांगा. स्वस्त ब्रँडवर नीट हलवणं, जनऔषधी केंद्रात काय मिळतं ते पाहणं, अनावश्यक झालेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद करणं, ट्रस्टांचे अर्ज. मार्ग असतात. माझ्या यादीतून एका भेटीत तीन गोळ्या कमी झाल्या होत्या, कारण त्या कुणी बंदच केल्या नव्हत्या.

प्रवास, उपास, लग्न

२६ जुलै २००५ ला मी दादरच्या ऑफिसात रात्रभर अडकलो होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा माझ्या किडन्या धड होत्या, टेबलावर डोकं ठेवून झोपलो. आज तसं झालं तर? म्हणून बॅगेत कायम दोन दिवसांच्या गोळ्या असतात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणखी दोन दिवसांच्या. दर महिन्याला त्या वापरून नव्या ठेवतो.

लांबच्या प्रवासात सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांना घड्याळाची उगाच भीती वाटते. न्यूयॉर्कचं उन्हाळ्यातलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणजे इथले सकाळचे आठ म्हणजे तिथले रात्रीचे साडेदहा, आणि इथले रात्रीचे आठ म्हणजे तिथले सकाळचे साडेदहा. बारा तासांच्या औषधाला दिवस-रात्र उलटल्याने काही फरकच पडत नाही. फक्त दोन-अडीच तास सरकवायचे, तेही डॉक्टरांना विचारून हळूहळू.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र: गोळीला पाणी लागतं, अन्न नाही. निर्जळी मात्र विसरा. प्रेडनिसोलोन उपाशीपोटी पित्त करतं, ते फराळाबरोबर घ्या. वारीला चालत जायचं असेल तर दिंडीतल्या एकाला तुमचा कागद द्या.

शरीर बदलतं तेव्हा

गोळ्या सोडण्याचं एक कारण आरशात असतं. स्टेरॉइडने चेहरा फुगतो, सायक्लोस्पोरिनने केस वाढतात आणि हिरड्या सुजतात, टॅक्रोने हात थरथरतात, केस गळतात, साखर वाढते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला "किडनी वाचली ना, मग चेहऱ्याचं काय" म्हणणारे तिला गोळी थुंकायला शिकवत असतात. याच वयात गोळ्या सर्वाधिक सुटतात. त्रास सांगितला तर डोस, औषध बदलता येतं. स्टेरॉइड आपण होऊन एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

लग्न झालेल्या मुलींसाठी दोन वाक्यं, ओपीडीत घाईत सुटतात ती. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा मोठा धोका असतो, म्हणून ते निदान सहा आठवडे आधी बदलून साधारणपणे अॅझाथायोप्रिनवर यावं लागतं. हा बदल डॉक्टर करतात, सासू नाही आणि तुम्हीही मनाने नाही. प्रत्यारोपणानंतर किमान वर्षभर थांबून, सगळे आकडे स्थिर असताना अनेक जणींना व्यवस्थित मुलं झाली आहेत.

घडी पुन्हा मोडते

पहिल्या वर्षी कुणी फारसं चुकत नाही, भीती ताजी असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ओपीडी तीन महिन्यांवर जाते, लोक विचारायचं सोडतात आणि गोळी पैठणीसारखी कपाटात मागे जाते. माझं नेमकं चौथ्या वर्षी झालं. म्हणून दर जानेवारीत मी तो दिवसाचा तक्ता नव्याने काढतो. नोकरी, घर, शाळेच्या वेळा, कुणाचं आजारपण, काहीही बदललं की जुनी घडी चालत नाही.

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतोय. म्हणजे ड्रॉवर जाणार, कुलूप जाणार आणि संध्याकाळची गोळी ज्याला बांधली होती ते टेबलच जाणार. सकाळचं ठीक आहे, चहा कुठे पळत नाही. संध्याकाळचं अजून ठरलेलं नाही. बायको म्हणते, ती देवापुढे दिवा लावते तेव्हा घ्या, पावणेसातच वाजलेले असतात. सूचना चांगली आहे. पण मे महिन्यात ती पंधरा दिवस माहेरी जाते, आणि दिवा लावायचं मला आठवत नाही.